देवाची घोडी आणि माझा ढालकिडा

“सोड! सोड म्हणते न्हवं त्याला! तुझ्या सात पिढ्यांच्या तंगड्या मोडून हातात देईन, सोड!”

ओरडत होते मी. आणि माझा आवाज कसा आहे ते आमच्या शिवाराला विचारा. डोंगरकड्याच्या अलीकडं आमचं शेत. तिथल्या बांधावरून मी मालकांना जेवायला हाक मारली, तर तिकडं शिरड शहापूरला, माझ्या माहेरी, भावजय पाट मांडते. त्या दिवशी सकाळी तर मी हाक मारत नव्हते, जीव तोडून किंचाळत होते. ज्वारीतली पाखरं उडाली ती थेट परभणी जिल्ह्यात जाऊन उतरली. रस्त्यानं हिंगोलीकडं निघालेली एसटी थांबली. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढून “काय झालं हो बाई?” असं विचारलं. आणि बांधापलीकडून माझे धाकटे दीर हातात कुऱ्हाड घेऊन पळत आले. पळताना एक चप्पल त्यांच्याच हरभऱ्यात राहिली.

“वहिनी! कोण हाय? कुठं पळाला त्यो?”

“पळाला कुठं? ह्यो बसलाय इथं!”

“कुठं?”

“तुमच्या नाकापुढं! डोळे हायेत का देवाला वाहिले?”

दीरांनी कुऱ्हाड उगारली, करडईच्या ताटावर नजर लावली, आणि हळूच कुऱ्हाड खाली घेतली. समोर काटेरी पानावर करंगळीपेक्षा लांब, हिरवागार, तिकोनी डोक्याचा खंडोबाचा घोडा बसला होता. पाठीवर हळदीचं बोट. पुढच्या दोन करवती हातांत माझा ढालकिडा, मसुराएवढा, तांबडा, पाठीवर काळ्या नागमोडी रेघांचा. वरची ढाल उघडी पडलेली, आणि हा घोडा त्याला कणीस खाल्ल्यासारखा वळवून वळवून खात होता. एक घास झाला की मान मागं फिरवून माझ्याकडं बघायचा. किड्याच्या जातीत अशी मान वळवून बघणारा दुसरा मी पाहिला नाही. सावकार बघतो तसं बघायचा.

दीरांनी टोपी काढली, हात जोडले. “येळकोट येळकोट जय मल्हार.” मग माझ्याकडं वळले. “काय वहिनी, देव न्याहारी करून राहिला अन् तुमी त्याला शिव्या देऊन राहिल्या?”

एसटी निघून गेली. ड्रायव्हरला वाटलं असेल, घरगुती भानगड आहे. घरगुतीच होती.

आता ही करडई काय चीज आहे ते सांगते, म्हणजे माझा संताप कुठून आला ते कळेल. माझ्या आईच्या घरची काटेरी करडई. हल्ली सगळे बिनकाट्याची पेरतात, आणि बरोबरही आहे, कारण या काटेरीच्या काढणीला हाताला पोत्याचे तुकडे गुंडाळावे लागतात आणि मजूर बायाच काय, पिकं खायला येणारे रोही, म्हणजे नीलगायीसुद्धा, लांबूनच नमस्कार करतात. आईचं म्हणणं असं, की ज्या करडईला काटा नाही तिच्या तेलाला चव नाही. हे तिनं मला लग्नात सांगितलं आणि ओटीत नारळाबरोबर पसाभर बी घातलं. नंतर आई गेली, भावानं ते रान हळदीला घातलं, आणि ते बी सगळ्या मुलखात फक्त माझ्याकडं उरलं. मी ते दरसाल राखेत घोळून गाडग्यात ठेवते. त्या साली गाडग्यात उंदीर शिरला. जे उरलं ते मी सगळं पेरलं, बांधालगत पाचच तासं, म्हणजे पाच ओळी, चार ताटं इकडं की तिकडं. म्हणजे गाडगं रिकामं आणि आईचं सगळं बी उभं रानात. ते गेलं की गेलं. दुकानात मिळत नाही, हिंगोलीच्या बाजारात मिळत नाही, देवाकडं मागितलं तरी तो म्हणेल, बाई, संपलं.

आणि नेमकं त्याच साली आभाळ ढगाळलं, गारठा पडला आणि माव्यानं धाड घातली. मावा म्हणजे काळे बारीक किडे, पण किती? करडईचं ताट हिरवं असतं हे मी विसरून गेले, इतका. ताट हलवलं की अंगावर पाऊस पडावा तसा मावा पडायचा. पानांवर चिकटा आला, पानं चकाकायला लागली, चेहरा दिसेल इतकी. मी तिथंच उभी राहून कुंकू सारखं केलं आहे.

फवारणी का नाही केली, असं विचाराल. आदल्या साली केली होती ना! माझ्या मालकांनी, माझ्या मनाविरुद्ध. आणि तीही माव्यामुळं नव्हे. ढालकिड्याचं पोर मोठं वेंधळं दिसतं. बापासारखं गोल नाही, तांबडं नाही. काळपट, लांबोडकं, पिवळ्या ठिपक्यांचं, सहा पायांवर घसटत चालणारं, अगदी मगरीचं पिल्लू. मालकांनी ते पाहिलं आणि म्हणाले, “नवीनच रोग आला हा.” पाठीला पंप लावला आणि साफ करून टाकलं. ज्याला रोग म्हटलं तेच औषध होतं. पोरं मेली, त्यांच्या आया मेल्या. आठ दिवसांनी मावा परत आला, आणि आता त्याला खाणारं कुणी उरलंच नव्हतं. माहेरची करडई वाळून कोळसा झाली, बी आलं ते गाडग्याच्या तळाला. मी तेव्हा एक मगर बरणीत घालून ठेवली होती, माव्याची पानं टाकून. ती खायची, म्हणजे काय खायची! लग्नातली पंगत उठेपर्यंत जेवणारे पाहुणे असतात ना, त्यांना लाजवील अशी. मग एक दिवस पानाला चिकटून बसली, आणि त्यातून लाल ढालकिडा बाहेर आला. मी बरणी मालकांच्या ताटाशेजारी ठेवली. ते बघत राहिले, भाकरी मोडत राहिले आणि म्हणाले, “बरं.” आमचे मालक असेच. देवानं त्यांना शब्द मोजून दिलेत आणि ते जपून वापरतात. त्यांच्या वाटचे उरलेले सगळे मला दिलेत.

तर या खेपेला मी पंप कोठीत घालून कडी लावून ठेवली. ढालकिडे आले होते, त्यांची पोरं झाली होती, माझं मन निवांत होतं. मालकांचं नव्हतं. “हा मावा सगळ्या रानात पसरंल,” ते म्हणाले. “येत्या मंगळवारी बघतो. कमी झाला न्हाई तर रोटा मारतो.” रोटावेटर! आईच्या बियावर! मी म्हटलं, आधी माझ्यावरून घाला. ते म्हणाले, “मंगळवारी.” संपलं बोलणं.

म्हणजे माझी सगळी आशा त्या मसुराएवढ्या किड्यावर.

आता दीरांकडं येते. माणूस सोन्यासारखा, हे आधी कबूल करते, नाहीतर जाऊबाई बोलायच्या नाहीत. पण कुठलीही गोष्ट अर्धीच ऐकायची, ही त्यांची लहानपणापासूनची सवय. त्यांना शाळेत पाढेसुद्धा पाचापर्यंतच येतात, कारण दहापर्यंत गुरुजींचं ऐकायला ते थांबले नाहीत. महिन्यापूर्वी गावात शाळेच्या ओट्यावर कृषीचे एक साहेब आले होते. दोन मोठी चित्रं घेऊन आले. एका चित्रात ढालकिडा, दुसऱ्यात खंडोबाचा घोडा. साहेब त्याला प्रार्थना कीटक म्हणत होते. हात जोडून बसतो म्हणून. हात जोडून बसणारे आम्ही पाच वर्षांतून एकदा बघतोच, त्यामुळं मी लगेच सावध झाले. साहेब म्हणाले, “हे दोन्ही शिकारी कीटक. दोन्ही शेतकऱ्याचे मित्र. पण...”

‘पण’ ऐकलं आणि दीरांचा फोन वाजला. ते उठून गेले ते परत आलेच नाहीत. मी मात्र पुढचं ऐकलं. साहेबांचं म्हणणं असं होतं, की ढालकिडा माव्यावरच जगतो, जिथं मावा तिथं तो आणि त्याची पोरंबाळं. या दुसऱ्याला मात्र आपपर नाही. समोरून हललं की धरलं. अळी धरतो, नाकतोडा धरतो, मधमाशी धरतो, आपलाच भाऊबंद धरतो. आणि माव्यासारख्या बारीक किड्याकडं तर तो वळूनही बघत नाही. बोकडाला तीळ टाकावेत तसं.

दीरांच्या डोक्यात मात्र ‘दोन्ही मित्र’ एवढंच बसलं. त्यात ते खंडोबाचे भक्त. चंपाषष्ठी आली. घरात देवाची तळी उचलायची होती, पाच माणसं जमली होती, भंडारा उधळला होता. भंडारा म्हणजे आमच्याकडं काय तोटा? या जिल्ह्यात हळद इतकी पिकते, की आमची लेकरं रडली तरी पिवळी रडतात. तर दीरांच्या मनात आलं, वहिनीचं बी धोक्यात हाय, देवाचे घोडे मदतीला सोडू. मनात आलं ते चांगलंच होतं, त्याला मी नाव ठेवत नाही. मी त्या दिवशी दळणाला गेले होते. दीरांनी अन् त्या चौघांनी कुंपणाच्या झुडपांतून, तुरीतून, बाभळीतून घोडे धरले, टोपलंभर, माझ्या हिशेबानं दीड टोपलं. एकेकाच्या पाठीवर भंडाऱ्याचं बोट लावलं आणि “येळकोट येळकोट” करत माझ्या करडईत सोडून दिले. मला सांगितलंसुद्धा नाही. वहिनीला चकित करू म्हणाले.

चकित झाले मी! दुसऱ्या दिवशी सकाळी.

“भाऊजी,” मी त्या बांधावर उभी राहून म्हटलं, “ह्यो तुमचा मित्र माझ्या मित्राला खाऊन राहिला. तुमच्या घरी जेवायला बोलावलेल्या पाहुण्यानं घरच्याच माणसाला खाल्लं तर काय म्हणायचं त्याला?”

“चुकून धरला आसंल वहिनी.”

“चुकून? त्यो बघा ना, तिकडं, त्या दुसऱ्या ताटावर! अन् त्यो तिसरा!”

खरोखरच होते. एकाच्या हातात ढालकिड्याची मगर, एकाच्या हातात मधमाशी. एक लहानसा घोडा मात्र गमतीदार. त्यानं ढालकिडा धरला, चावा घेतला आणि लगेच टाकून दिला आणि तोंड पुसत बसला. ढालकिड्याला धरलं की गुडघ्यातून पिवळा कडू रस सोडतो तो. त्याचं एवढंच हत्यार. मला वाटलं, चला, निदान एक तरी शहाणा निघाला. तेवढ्यात त्या शहाण्याच्या मागून एक थोरली आली आणि तिनं त्यालाच धरलं. डोक्याकडून सुरुवात केली.

दीर पांढरे पडले. “हे काय? आपल्यातल्याच घोड्याला?”

“घोडा न्हाई भाऊजी, घोडी हाय ती. पोट बघा केवढं. साहेबांनी सांगितलं होतं, तुमी फोनवर व्हता तवा. ही नवऱ्याचं डोकं खाती.”

दीरांनी एकदा घोडीकडं पाहिलं, एकदा आपल्या घराच्या दिशेनं पाहिलं, आणि टोपी घातली.

“बरं झालं ते झालं,” मी म्हटलं, “आता तुमी आणलेत तसे धरा अन् घेऊन जा.”

आणि इथं खरी अडचण झाली. दीर एकदम ताठ झाले. “ते व्हायचं न्हाई वहिनी. भंडारा लावून सोडलेत. देवाच्या नावानं सोडलेलं जनावर परत धरत न्हाईत. मारुतीचा वळू कोणी हुसकला का आजवर?”

वळूचं उदाहरण काढलं आणि माझं तोंडच बंद झालं. ते काही सोपं काम नाही. गावात मारुतीच्या नावानं सोडलेला वळू आहे, तो कुणाच्या तुरीत शिरला तरी माणसं काठी खाली ठेवून हात जोडतात. तोंडानं “जा बाबा, जा राजा” म्हणायचं, पण हात लावायचा नाही. एकदा त्यानं माझा वाळत घातलेला परकर खाल्ला, मी त्यालाही नमस्कार केला आहे. रीत म्हणजे रीत. आता तीच रीत माझ्या करडईत उभी होती, दीड टोपलं, हळद लावून. बोट लावलं तर देवाचा कोप, नाही लावलं तर मंगळवारी रोटावेटर.

मी तडक घरी गेले. सासूबाई ओसरीवर लसूण सोलत बसल्या होत्या. त्या बोलतात तेव्हा दीरही फोन ठेवतात. मागून दीरही आले, एका पायात चप्पल.

“आत्याबाई,” मी म्हटलं, “देवाच्या नावानं सोडलेलं जनावर हाकलता येतं का?”

“न्हाई,” सासूबाई म्हणाल्या.

“बघा!” दीर म्हणाले.

“पण आत्याबाई, सगळ्या घोड्या हायेत. माद्या. पोटुशा. नवरे खाऊन बसल्यात.”

सासूबाईंनी लसणाची पाकळी खाली ठेवली. “पोटुशा?”

“व्हय. पोट असं, टुम्म.”

“अन् तुझ्या रानात येऊन राहिल्या?”

“व्हय.”

“मग माहेरवाशिणी झाल्या त्या. पोटुशी लेक माहेरी आली तर ओटी भरतात. अन् ओटी भरली की घरात ठेवून घेत न्हाईत. तिला सासरी पोचवायचं.” मग दीरांकडं वळून, “त्यांचं सासर कोणतं?”

दीर पायातल्या एकुलत्या चपलेकडं बघायला लागले.

“आणल्या कोणी?” सासूबाईंनी विचारलं.

“म्या,” दीर म्हणाले.

“मग तुजंच रान त्यांचं सासर. जा, हरभऱ्यात जागा कर.”

मी सासूबाईंचे पाय धरले, सोडायला त्यांना चिमटा काढावा लागला. त्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की हे घर दीरांच्या भक्तीवरही चालत नाही आणि मालकांच्या मौनावरही नाही.

आणि मग पाठवणी झाली. कशी झाली विचारू नका. विचारलंच आहे तर सांगते. मी नवी परडी काढली, आत करडईची पानं अंथरली. जाऊबाई हळद-कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. हाताला पोत्याचे तुकडे गुंडाळले आणि आम्ही काट्यांत शिरलो. घोड्या पानासारख्या हिरव्या, पानासारख्या हलणाऱ्या, एरवी एक शोधायला दिवस गेला असता. पण दीरांनी लावलेला भंडारा! हिरव्यात पिवळं टपोरं बोट, लांबून दिसायचं. दीरांच्या भक्तीनं माझं निम्मं काम केलं. एकेकीला उचललं, कपाळाला कुंकू लावायला गेले तर ती दोन्ही हात उगारून माझ्यावर आली. “बाई, सासरी अशी वागू नकोस,” जाऊबाई तिला म्हणाल्या. एकीनं माझ्या अंगठ्याला असा चिमटा घेतला, की डॉक्टरनं पाहिला असता तर टाके घातले असते. ओटीत तांदळाचे दोन दाणे, खणाऐवजी करडईचं फूल. परडी दीरांच्या डोक्यावर दिली. “चला भाऊजी, लेकींना घेऊन चला.” ते मुकाट चालले. मागून आम्ही दोघी “उखाणा घे, उखाणा घे” करत. हरभऱ्यात परडी उतरवली, घोड्या पसरल्या. दीर बांधावर बसले. त्यांची दुसरी चप्पलही तिथं सापडली, ती मात्र मी त्यांना दिली.

पण माझं काय? ढालकिडे निम्मे झाले होते, मगरी त्याहून कमी. मंगळवार तोंडावर. मी ज्वारीत गेले. ज्वारीच्या पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांतही मावा असतो आणि तिथंही ढालकिड्याची पोरं खेळतात, हे मला माहीत होतं. पानंच्या पानं तोडली, पोरांसकट ओच्यात घातली आणि करडईत आणून ठेवली. शेजारच्या वावरातून, त्याच्या पलीकडच्या वावरातून. लोक विचारायचे, “काय वेचून राहिल्या?” मी म्हणायचे, “मगरी.” दोन दिवस माझ्याकडं कुणी फिरकलं नाही. पदरावर मगरी चढायच्या, मी स्वयंपाकघरात गेले तर भाकरीच्या टोपल्यात एक मगर. मालकांनी ती उचलून ओट्यावर ठेवली आणि मला म्हणाले, “तुझं.”

मंगळवार आला. मालक बाजाराला जायच्या आधी करडईत गेले. मी मागून गेले नाही, बांधावर उभी राहिले, कारण मागून गेले असते तर बोलले असते. ते एका ताटाजवळ वाकले. पान उलटलं. दुसऱ्या ताटाजवळ वाकले. बोटानं काहीतरी हळूच बाजूला केलं. माझ्या छातीत असं धडधडत होतं, की दूरवर डांबराच्या रस्त्यावर भेगा पडल्या असाव्यात. मावा संपला नव्हता. पण शेंड्यांवरून उतरला होता, हिरवं दिसायला लागलं होतं, आणि जिथं मावा उरला होता तिथं प्रत्येक ठिकाणी एक मगर डोकं खाली घालून बसली होती, मन लावून. मालक उभे राहिले, धोतर झटकलं आणि बाजाराला गेले. ट्रॅक्टरवाल्याला फोन केला नाही. मला तेवढं पुरे झालं असतं.

पुरे झालं असतं, पण दीर!

चार दिवसांनी मी गिरणीवर गेले तर गिरणीवाल्याची बायको म्हणते, “काय हो, तुमच्या रानात खंडोबा आला म्हणे! देवाच्या घोड्यांनी करडईचा मावा चाटून साफ केला अन् मग हरभऱ्यात गेले म्हणे!”

माझ्या हातातलं दळण खाली पडलं. दीरांनी गावभर सांगितलं होतं. खरं सांगायचं तर त्यांच्या हरभऱ्यात घोड्यांनी घाटेअळी धरलीही होती, चांगली पकडून पकडून खाल्ली होती, ते मी डोळ्यांनी पाहिलं. त्याचं श्रेय घ्या ना! कोण नाही म्हणतं? पण करडईचं? ज्यांनी माझी मधमाशी खाल्ली, माझी मगर खाल्ली, आपलाच नवरा खाल्ला, आणि माव्याला हातसुद्धा लावला नाही, त्यांना करडईचं श्रेय? आणि लोक तर काय, हरभऱ्याच्या बांधावर येऊन भंडारा टाकायला लागले. एका म्हातारीनं नारळ फोडला. माझ्या करडईत कोणी आलं का? ढालकिड्याला कोणी कुंकवाचा ठिपका लावला का? त्याला देवानंच ठिपके दिलेत म्हणून सोडलं असेल.

मी दीरांना बांधावर गाठलं. “भाऊजी, खोटं काहून सांगून राहिले?”

“खोटं कुठं? घोडे सोडले, मावा गेला.”

“घोडे न्हेले, मग मावा गेला!”

“वहिनी, देवाचं काम येवढं हिशेबानं बघायचं न्हाई,” दीर म्हणाले, आणि माझ्याकडं अशा दयेनं पाहिलं, की मला त्या घोडीचं पटलं. नवऱ्याचंच कशाला, दिराचंही खावं.

दुपारी लिंबाखाली मालकांना भाकरी वाढली आणि माझा बांध फुटला. मी म्हटलं, “तुमीच सांगा आता, तुमी बघितलंय. एक जण हात जोडून बसतो, समोरचं हललं की धरतो, मित्र बघत न्हाई, शत्रू बघत न्हाई, सोयरा बघत न्हाई. त्याला घोडा म्हणायचं, हळद लावायची, नारळ फोडायचा. दुसरा बिचारा मसुराएवढा, पोरंबाळं घेऊन येतो, एकच काम करतो, मावा खातो, दुसऱ्या कशाला तोंड लावत न्हाई. त्याच्या लेकराला बघून तुमी मागल्या साली पंप उचलला! ह्याला न्याय म्हणायचा? रुबाबात बसणाऱ्याला सगळा मान अन् राबणाऱ्याला फवारा! आईचं बी कुणी वाचवलं? बोला! घोड्यानं वाचवलं का किड्यानं? आज तुमी एक शब्द बोलल्याबिगर मी हितून उठत न्हाई! गावाला बोलायचं न्हाई तर मला तरी बोला!”

लिंबावरचे कावळे उडाले. मालकांनी भाकरी संपवली, तांब्या तोंडाला लावला, हात धुतले आणि करडईकडं बघत म्हणाले, “रोही लय येऊन राहिले. पुढच्या साली रस्त्याच्या अंगाला दोन तासं जास्त पेर.”